पाऊणकी

तिसऱ्या वर्षाला गणितात आम्ही चौघंच.
पाचवा दिवाळीनंतर आलाच नाही,
धाटावच्या कंपनीत त्याला रात्रपाळी लागली.

देवळेकर सरांनी फॉर्म वाटले:
उन्हाळ्यात सहा आठवडे, पुण्याला, राहणं-जेवण फुकट.
शेवटचा रकाना:
संशोधन का करावंसं वाटतं? शंभर शब्दांत.

नाझिमा म्हणाली, सर, खेकड्यात शोधायला काहीतरी असतं,
खाडीच्या गाळात असतं,
गणितात काय उरलंय?
उत्तरं तर मागच्या पानावर छापलेली.
सर खडूची धूळ झटकत राहिले.
मग म्हणाले, पान फाटलेलं पुस्तक मिळालं तर बघा.
प्रणित हसला. त्याची रविवारी बँकेची परीक्षा.

मी फॉर्मची घडी घालून पूल ओलांडला,
एकदऱ्याला आले.
ओट्यावर बाबा उद्याचं पाणी काढत होते,
कागद नाही, पेन नाही.
'उद्या सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच.'
झालं. सव्वापाचला भरती, त्याच्या आधी होडी खाडीबाहेर.
आजोबांची पाऊणकी, त्यांच्याही आजोबांची.
शाळेत ती आम्हाला कुणी शिकवली नाही.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर मी सहज मांडलं.
अवसेला बाराची भरती, पुनवेला पुन्हा बाराची.
बारा तास, पंधरा तिथ्या.
प्रत्येकीच्या वाट्याला अठ्ठेचाळीस मिनिटं.
बाबांची पंचेचाळीस.
म्हणजे रोज तीन मिनिटं कुठेतरी गळतात,
आणि पुनवेपर्यंत गळतो
बरोबर पाऊण तास.

पाऊणकीतून पाऊणच गळावा,
याचं मला इतकं हसू आलं
की आई उठून बसली.

मग सोळा दिवस धक्क्याच्या पायरीवर
चुन्याची रेघ, घड्याळ, वही.
कोळणी टोपल्या उतरवता उतरवता विचारत,
काय गो, पाण्याचा पंचनामा?
पुनवेच्या आसपास माझे अठ्ठेचाळीस छान चालले.
पुढे भांग लागला, पाणी सुस्तावलं
आणि त्यानं माझाही हिशेब मोडला, बाबांचाही.
एक दिवस अकरा मिनिटं, एक दिवस तीस.
ही मिनिटं कुठल्याच पाढ्यात बसेनात.
मागचं पान उघडून पाहिलं,
तिथं माझंच अक्षर.

बाबांना सांगितलं, तुमची पाऊणकी चुकते.
त्यांनी सुतळीचं टोक दातांत धरलेलं, ते सोडलं.
'चुकूं दे.
चरत्या पान्यान होरी रुतली त पानीच उचलतं.
उतरत्या पान्यान रुतली क
बस सा तास.'

मी गप्प.
कुणीतरी कधीतरी
अठ्ठेचाळीस पाहिले असतील,
याच धक्क्यावर, धक्का नसताना,
आणि माणसं परत यावीत म्हणून
तीन मिनिटं मुद्दाम खाली ठेवली असतील.
किंवा नसतीलही. पाऊण जिभेवर सोपा,
चार पंचमांश कोण पुटपुटणार अंधारात?
दोन्ही शक्य आहेत.
कुठलं खरं, ते मला सिद्ध करता येत नाही,
आणि ते सोडवतही नाही.

नाझिमाचा फोन आला. किती शब्द झाले?
म्हटलं, बारा.
ती म्हणाली, माझे नऊ, आणि त्यातले चार खोडलेले.
तू भरतेयस? मी विचारलं.
अब्बू म्हणतायत बी.एड. कर, ती म्हणाली,
पण तुझ्या त्या अकरा मिनिटांचं काय झालं, ते आधी सांग.

फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत.
पुण्याचं भाडं, मेसचं डिपॉझिट, पुढची पाच-सात वर्षं,
यांचा पाढा बाबांनाही येत नाही.

आज वद्य अष्टमी.
आठ पाऊणे सहा.
बाबा सहाच्या आधीच निघतील.
माझ्या हिशेबानं भरती सहा चोवीसला.
त्यांची होडी दिसेनाशी झाल्यावर
ती चोवीस मिनिटं
मी पायरीवर थांबणार आहे,
आणि पाणी नाहीच आलं वेळेवर,
तर आणखी थोडी.